रावसाहेबाचा कोट घातलेली माणसं

माझ्या बापाच्या अंगावर मी जन्मात कधी कोट पाहिला नाही. अकोल्याला मोर्णेच्या काठी आमचा भाजीचा मळा होता. तिथं तो गुडघ्यापर्यंत धोतर खोचून वांग्यांना पाणी द्यायचा आणि बाजाराच्या दिवशी उघड्या अंगावर एक बंडी चढवायचा. पण घरातल्या फोटोत मात्र तो उंच पाठीच्या खुर्चीत बसलेला होता. गळाबंद रेशमी कोट, कोटावर घड्याळाची साखळी, साखळीच्या वर सरकारी बिल्ला. तो गेल्यावर आईनं भजनी मंडळाच्या एका जुन्या फोटोतलं त्याचं तोंड उमरावतीच्या फोटोवाल्याकडून मोठं करून आणलं होतं. "कोट फोटोवाल्यानं घातला," एवढंच ती सांगायची. फोटो भिंतीवर लागला आणि लोक किसन्या माळ्याला किसनराव म्हणायला लागले.

मी त्याचा मुलगा भगवंत. मळा भावाकडे सोडून मी ताजनापेठेत फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान टाकलं आणि बापाचा फोटो गल्ल्याच्या वर लावला. कोणी विचारलं की मी सांगायचो, ज्या साली भाजीला भाव आला त्या साली बापानं हा कोट शिवला. आणि बिल्ला त्याला वांग्याच्या प्रदर्शनात मिळाला. इतक्या वेळा सांगितलं की माझाही त्यावर विश्वास बसला. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. त्या बिल्ल्याला कोणी हसलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती.

दुसरी लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. पार्बताबाई नावाची एक म्हातारी दर्यापूरहून लेकीकडे आली होती. ती काच फुटलेली एक चौकट पदराखाली धरून दुकानात आली. नवऱ्याचा फोटो आहे, म्हणाली. कापसाच्या बाजारात हमाल होता, दहा वर्षांपूर्वी वारला. मी फुटक्या काचा काढल्या आणि पाहतच राहिलो. उंच पाठीची खुर्ची, रेशमी कोट, साखळी, बिल्ला.

"बाई, हा कोट माझ्या बापाचा आहे," मी म्हणालो.

"तुमच्या बापाचा कसा? माह्या मालकाचा हाये. पाहा ना, त्यायनंच घातला हाये!"

मी वर बोट दाखवलं. तिनं गल्ल्यावरचा फोटो पाहिला, आपला पाहिला, आणि आमचं भांडण जुंपलं. मी तिच्या नवऱ्याला चोर म्हणालो. तिनं माझ्या बापाला त्याहून वाईट काही म्हटलं. रस्त्यावरची माणसं दुकानाच्या पायऱ्यांवर चढून मजा पाहायला लागली. शेवटी बाई दोन्ही फोटोंतल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या त्या हाताची करंगळी अर्धीच होती.

"माह्या मालकाची तं दाही बोटं शाबूत होती बाप्पा," ती हळूच म्हणाली.

माझ्या बापाचीही होती. लहानपणी त्या दहाही बोटांचा मार मी खाल्ला होता.

म्हणजे आमच्या दोघांच्या माणसांची डोकी कोणा तिसऱ्याच्याच धडावर बसवली होती. त्या दिवशी मी जेवलो नाही. वांग्याच्या प्रदर्शनाची गोष्ट ज्यांना सांगितली होती ती तोंडं एकेक करून डोळ्यांपुढं यायला लागली. पुढच्या महिन्यात एका टांगेवाल्यानं आपल्या काकाचा फोटो चौकटीला आणला. तोच कोट, तीच अर्धी करंगळी. मग मात्र मी ठरवलं की या फोटोवाल्याला शोधायचा आणि भर बाजारात त्याचं थोबाड फोडायचं. फोटोच्या पुठ्ठ्यावर छाप होता: शालिकराम भुयार, फोटोग्राफर, अंबा दरवाजा, उमरावती.

बडनेऱ्याला गाडी बदलून मी उमरावतीला उतरलो. अंबा दरवाज्याच्या आत त्या जागी बांगड्यांचं दुकान होतं. बांगडीवाल्याला विचारलं, तो म्हणाला असं कोणी इथं नव्हतं. शेजारच्या शिंप्याला विचारलं, तर त्याला अचानक सुईत दोरा ओवण्याची घाई झाली. ज्या पिढीच्या लग्नांचे आणि मयतांचे फोटो या माणसानं काढले होते, ती सगळी पिढी समोर धडधाकट हिंडत होती आणि कोणालाही त्याचं नाव आठवत नव्हतं. मला त्याचा राग होता, तरी हे काही बरं वाटलं नाही. देवळापाशी हार विकणाऱ्या एका बाईनं तेवढं सांगितलं, "फोटोवाला? मले फुलं त्याच्याच मळ्यातून येतेत. नाल्याच्या पल्याड जा."

नाल्यापलीकडं फुलांचा लहानसा मळा होता आणि कडेला दोन खोल्यांचं घर. ओट्यावर साठीचा एक वाळका माणूस शेवंतीचा हार गुंफत बसला होता. त्याची बायको माणिकबाई आत चुलीपाशी होती. मी ओटा चढायच्या आधीच सुरुवात केली. बापाचा फोटो त्याच्या पुढ्यात आदळला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यानं हातातला हार पुरा केला, गाठ मारली, मग फोटो उचलून उन्हात धरला आणि मानेपाशी, जिथं दोन माणसं जोडली होती तिथं, बोट फिरवून पाहिलं.

"पिवया नाई पडला," तो म्हणाला.

"पिवळा नाही पडला! पण हे धड कोणाचं?"

"बसा. पानी घ्या. मंग शिव्या द्या."

पाणी घ्यायला मी आत वाकलो तेव्हा भिंतीवर ती चौकट दिसली. हातभर उंचीची, साध्या लाकडाची, आत काळी काच. नुसती काळी, वरून खालपर्यंत एक रेघ नाही. आणि तिला मोगऱ्याचा ताजा हार घातलेला. चौकटीच्या धंद्यात मी बाकी सगळं पाहिलं होतं, देवांपासून कुत्र्यांपर्यंत. काळ्या काचेला हार पाहिला नव्हता. माझी नजर तिथं अडकलेली पाहून माणिकबाई म्हणाली, "थे आमची सुभद्रा."

पुढचं सगळं त्या दोघांनी सांगितलं. एक थांबला की दुसरं बोलायचं.

शालिकराम फुलमाळ्याचा मुलगा. कॅम्पात बाहेरून आलेल्या एका फोटोग्राफरचा स्टुडिओ होता. तिथं तो रोज हार आणि गुच्छ पोचवायला जायचा आणि परत यायला उशीर करायचा. आधी मागचे पडदे रंगवायला शिकला, मग फोटो आधी ज्या काचेवर उतरतो त्या काचेवर टोकदार पेन्सिलीनं तोंडावरचे देवीचे व्रण बुजवायला, आणि शेवटी कॅमेरा. पहिल्या लढाईनंतर त्यानं अंबा दरवाज्यापाशी स्वतःचं दुकान उघडलं. पोटासाठी माणसं काढायचा आणि हौसेसाठी गाव. कॅमेऱ्याचं तिकाटणं खांद्यावर टाकून तो पहाटे निघायचा: परकोटाची भिंत, कापसाच्या गाड्यांची रांग, नाल्याला आलेला पूर, देवीच्या जत्रेतले पाळणे. लोक म्हणायचे माळ्याला वेड लागलं, भिंतीचा कोणी फोटो काढतं का.

सगळं गाव काचेवर घेणाऱ्या या माणसाकडं स्वतःच्या मुलीचा एक फोटो नव्हता. माणिकबाई काढू द्यायची नाही. फोटो काढला की लेकराचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, आणि सुभद्रा तिच्या तीन बाळंतपणांतून वाचलेली एकटी होती. शालिकरामनं कॅमेरा नुसता मुलीकडं वळवला तरी ती तिला पदराखाली घ्यायची.

आठव्या वर्षी सुभद्रा गाठीच्या तापानं गेली. एका रात्रीत गेली. सकाळी माणिकबाईनंच सांगितलं, आता काढा. तिनं मुलीला न्हाऊ घातलं, केसांत शेवंती खोवली, मांडीवर बसवून मान आपल्या हातानं सावरली, आणि शालिकरामनं एकच काच खर्ची घातली. मग मातीला गेले. काच औषधात धुवायची राहिली. अंधाऱ्या पेटीत, उजेड लागू नये म्हणून प्रत्येक काचेला असतं तसल्या चपट्या लाकडी घरात, ती तशीच बंद होती. ओळखू यावी म्हणून त्यानं त्या घराला हार गुंफायचा दोरा बांधला.

स्मशानातून ते दारात आले तर रावसाहेब खुशालरावाचे शिपाई उभे. या खुशालरावाची सरकी काढायची गिरणी होती, निम्मा कापूसबाजार त्याच्या खिशात होता, आणि डावी करंगळी त्यानं तरुणपणी त्याच गिरणीला दिली होती. सरकारनं त्याला नुकताच रावसाहेब केला होता. बिल्ला द्यायला गोरा साहेब त्याच दुपारी येणार होता आणि फोटो पाहिजे होता. शालिकराम म्हणाला, घरात सुतक आहे. शिपाई म्हणाले, साहेबाला सुतक चालते. त्यांनी त्याचा कॅमेरा आणि काचांची पेटी उचलून टांग्यात घातली. तो मागून धावत गेला. दुसरं काय करणार होता?

फोटो झाले. खुर्चीतला मोठा फोटो शालिकरामनं इतका मन लावून काढला की साहेबानंही मान डोलावली. हात चालत होते आणि डोकं सुन्न होतं, असं तो म्हणाला. साहेब गेल्यावर रावसाहेबाला घाई सुटली. फोटो कसा आला, आत्ता दाखव. शालिकराम सांगत होता, असा दिसत नाही, धुवावा लागतो. रावसाहेबाला वाटलं माळी भाव खातो आहे. त्यानं पेटीत हात घातला आणि दोरा बांधलेलंच घर उचललं, कारण दोरा बांधून वेगळं ठेवलं म्हणजे तेच खास असणार. शालिकराम "नका, नका" म्हणत पुढं आला तोवर त्यानं झाकण ओढलं होतं. भर दुपारी, अंगणात, उन्हात.

"याच्यात तं काईच नाई," रावसाहेब म्हणाला.

"माही पोरगी होती, मालक. आज गेली. तिचा एवढाच फोटो होता."

रावसाहेबानं काच उलटसुलट करून पाहिली आणि परत त्याच्या हातात दिली.

"मंग दुसरा काढ," तो म्हणाला, आणि पाहुण्यांकडं वळला.

हे सांगताना शालिकरामचा आवाज चढला नाही. माझाच चढला. मी ओट्यावरून उठून उभा राहिलो आणि रावसाहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बापाचा फोटो, कोट, प्रदर्शन, सगळं विसरलो. शालिकराम माझ्याकडं बघत होता. एवढ्या वर्षांनी कोणी त्याच्या वतीनं शिव्या देत होतं.

उन्हानं खाल्लेली काच धुतली की काळी होते, नुसती काळी. त्यानं ती तरीही धुतली. रात्रभर दोघं दिव्याला धरून पाहत होते, कुठं कपाळाचा कोपरा तरी उरला का. मग माणिकबाईनं ती चौकटीत बसवायला सांगितली.

आणि मग त्यानं सूड घेतला. सूड म्हटल्यावर मला काठ्या आणि कुऱ्हाडी आठवतात. या माणसानं पाण्यानं घेतला.

फोटोचा कागद हायपो नावाच्या औषधात बुडवावा लागतो आणि मग ते औषध निघून जाईपर्यंत वाहत्या पाण्यात धुवावा लागतो. औषध राहिलं तर ते फोटोला आतून खात जातं. शालिकरामचे फोटो मळ्याच्या पाटात माणिकबाई धुवायची. मोट चालू असेपर्यंत धुवायची, म्हणून माझ्या बापाचं तोंड अजून काल काढल्यासारखं आहे. रावसाहेबाचे फोटो मात्र तिनं पाटाला लावलेच नाहीत. ओले उचलले, वाळवले, सोनेरी पुठ्ठ्यावर चिकटवून दिले. दिवाणखान्यात लागले तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. दोन उन्हाळे गेले आणि ते पिवळे पडायला लागले, आधी तोंडावर. रावसाहेबानं नवे मागवले. शालिकराम हात जोडून म्हणाला, "हवा खराब हाये मालक," आणि पुन्हा तसेच करून दिले.

"मले लय बरं वाटे," माणिकबाई म्हणाली. "सनावाराले मी मनात म्हनो, आज त्याचं नाक गेलं असन. आज डोये गेले असतीन."

दुसऱ्यांदा फोटो देऊन झाल्यावर काचही त्यानं सोडली नाही. रावसाहेबाच्या मूळ काचेवरून त्यानं चाकूनं डोकं खरवडून काढलं, गळ्यापासून वर काच कोरी केली. राहिलं नुसतं धड. कोणा गरिबाची विधवा यायची. नवऱ्याचा फोटो एखाद्या घोळक्यातला, तोंड हरभऱ्याएवढं. शालिकराम तोंड मोठं करायचा, धडावर चिकटवायचा, मानेची रेघ ब्रशनं बुजवायचा आणि त्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. हमाल, माळी, टांगेवाले, विहिरी खणणारे, सगळे त्या खुर्चीत बसले. सगळ्यांच्या छातीवर सरकारी बिल्ला आला. आणि मेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात. म्हणजे वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत रावसाहेबाच्या जिवंत धडाला रोज हार पडत होता.

मी हसायला लागलो ते थांबेचना. माझा बाप, जन्मभर ज्याला रावसाहेबाच्या गिरणीच्या फाटकातून कोणी आत घेतलं नसतं, त्याच्या कोटात बसून माझ्या गल्ल्यावरून बाजाराकडं बघत होता! मी आलो होतो थोबाड फोडायला, आणि आता मला त्या माणसाच्या गळ्यात त्याचाच हार घालावासा वाटला.

हे उघडं पडलं ते निवडणुकीत. रावसाहेब मतं मागायला माळीपुऱ्यात गेला. पहिल्या घरी बाजेवर टेकला आणि वर बघतो तर आपला कोट, आपली साखळी, आपली अर्धी करंगळी, वर एका मेलेल्या मोटकऱ्याचं डोकं आणि झेंडूचा हार. त्याला वाटलं भास झाला. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरात एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, "आमचे बुवा. कोटात तुमच्यासारखेच दिसतेत ना मालक?" मतं मागायला आलेला माणूस बोलणार काय? चौथ्या घरात तो गेलाच नाही. संध्याकाळी एकटाच शालिकरामच्या दुकानात आला.

"माह्यं डोकं कुठी हाये?" त्यानं विचारलं.

शालिकरामनं फळीवरून काच काढून त्याच्यापुढं धरली आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "अथी होतं."

"अन् घरचे फोटो?"

"थेही चालले. पिवये पडून राहिले ना?"

रावसाहेब आल्या पावली परत फिरला. त्यानंतर तो मरेपर्यंत कधी कॅमेऱ्यापुढं बसला नाही. कोणी फोटोचं नाव काढलं की उठून जायचा. इतके हार पडल्यावर आपलं आयुष्य किती उरलं असेल, ही धास्ती त्याच्या मनातून गेली नाही. निवडणूक तो हरला, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

पण हात त्याचेही लांब होते. आठ दिवसांत दुकानाच्या मालकानं शालिकरामला बाहेर काढलं. चार माणसं आली आणि त्यांनी काचांच्या पेट्या रस्त्यावर ओतल्या: परकोट, पूर, कापसाच्या गाड्या, पाळणे, अठरा वर्षांचं गाव. बैलगाड्यांच्या चाकांखाली दिवसभर काचा कुरकुरत होत्या. कॅमेराही गेला. त्याच्याकडून फोटो काढेल त्याचा कापूस गिरणीत घेणार नाही, असं बाजारात सांगितलं गेलं, आणि मग कोणाला शालिकरामचं नाव आठवेना. शिंप्याला सुईत दोरा ओवायची घाई का झाली ते मला आत्ता कळलं.

अकोल्याला परत येऊन मी बापाचा फोटो पुसला आणि होता तिथून आणखी वर लावला. ज्या ज्या घरातून त्या कोटाचा फोटो चौकटीला आला, त्याच्या खाली मी बारीक अक्षरात शालिकराम भुयार असं नाव रंगवून द्यायला लागलो. कोणी सांगितलं नव्हतं. पार्बताबाईच्या फोटोवरही घातलं.

पुढच्या वर्षी रावसाहेब मेला. आणि त्याचा मुलगा महादेवराव चक्क माझ्या दुकानात आला.

उमरावतीत कोणाला जमलं नाही म्हणून तो अकोल्यापर्यंत आला होता. सोनेरी पुठ्ठ्यावरचा एक फोटो त्यानं माझ्यापुढं ठेवला. कोटाची पुसट सावली होती, बिल्ल्याचा एक ठिपका होता, आणि वर चहा सांडल्यासारखा डाग. "बाबांचा एवढाच राहिला," तो म्हणाला. "तेरवी हाये. पाटावर ठेवाले काई नाई. याच्यातून तोंड काढता येईन काय?"

माझ्या मनात ढोल वाजत होते. मग त्याची नजर वर गेली. तो बराच वेळ माझ्या बापाकडं बघत राहिला.

"हा कोट आमच्या बाबांचा हाये."

"माझ्या बापाचा आहे," मी म्हणालो. "वांग्याच्या प्रदर्शनात बिल्ला मिळाला त्याला."

त्यानं आपला पिवळा फोटो जवळ ओढला. चाळिशीचा साधा माणूस होता, बापासारखा ताठा नव्हता. पण मला दया आली नाही. मी त्याला म्हणालो, ज्यानं हा फोटो काढला तो जिवंत आहे, चला. त्याला मदत करायला मी निघालो नव्हतो. मला शालिकरामच्या ओट्यावर रावसाहेबाचं घराणं हात पसरून उभं राहिलेलं डोळ्यांनी पाहायचं होतं.

पाहिलं. महादेवराव ओट्याखाली उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "बाबांनी तुमचं काय केलं थे मले ठाऊक हाये. त्यायचा एखादा फोटो असन तं द्या. माह्या लेकरायले आजा कसा होता थे तरी दिसन."

मला राहवेना. रावसाहेबाचं इतक्या वर्षांचं ते वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं.

"मंग दुसरा काढा!"

महादेवरावानं मान खाली घातली. मला त्या वाक्याचा आजही पश्चात्ताप नाही.

शालिकरामनं मात्र माझ्याकडं पाहिलं नाही. "पेन्सिल हाये काय?" त्यानं विचारलं. माझ्या खिशात चौकटी आखायची पेन्सिल होती. माणिकबाईनं फुलं बांधायच्या कागदांतला एक कोरा कागद दिला. तो पाटावर घेऊन त्यानं काढायला सुरुवात केली आणि एकदाही थांबला नाही. रुंद कपाळ, त्यावर आडवी आठी, जाड भुवया, खाली उतरलेला ओठाचा कोपरा, हनुवटीवरचा तीळ. मी रावसाहेबाला कधी पाहिलं नव्हतं, तरी कोणीतरी ओट्यावर येऊन बसल्यासारखं वाटलं. महादेवराव रडायलाच लागला. "बाबा," म्हणाला, "बाबाच!"

शालिकरामनं दुसरा कागद ओढला. त्यावर त्यानं एक लहान गोल चेहरा काढला, केसांची भांगाची रेघ काढली, आणि पेन्सिल थांबली. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली.

"माणके," तो म्हणाला, "सुभीचं नाक कसं होतं?"

माणिकबाई फुलं निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मले काय इचारता? फोटो काढू नका म्हनून मीच पदर आडवा धरे."

मग शालिकरामनं रावसाहेबाचं तोंड महादेवरावाकडं सरकवलं.

"घेऊन जा याले. डोये मिटले का हाच येते. वीस वर्स झाले, खरवडून राहिलो, पिवया पाडून राहिलो, रोज हाच. पोरीले बसाले जागा नाई ठेवली यानं."

मग तो रडला. एवढं सगळं सांगताना न रडलेला माणूस महादेवरावासमोर रडला, याची मला चीड आली. गाडीत महादेवराव माझ्यासमोर तो कागद दोन्ही हातांत धरून बसला होता. बडनेऱ्यापर्यंत मला तो हिसकून खिडकीबाहेर टाकावासा वाटत होता. रावसाहेबानं त्या मुलीचं तोंड दोनदा नेलं होतं, एकदा उन्हात आणि एकदा म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून. माझं हसू, माझा ढोल, सगळं कुठल्या कुठं गेलं; राग तेवढा राहिला.

अकोल्याला उतरताना त्यानं विचारलं, याला चौकट कराल का? मी म्हणालो, दुसरा कारागीर पाहा.

चौकट मी वेगळीच केली. सागवानाची, हाताच्या मापाची, कोपऱ्यांना जराही फट नसलेली. पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी ती उमरावतीला घेऊन गेलो. जुन्या चौकटीतून काळी काच काढली, कडा पुसल्या, नव्या चौकटीत बसवली. आता मागं वरच्या बाजूला कडी ठोकायची होती. पण काच कुठूनही सारखीच काळी.

"डोकं कोणत्या बाजूला?" मी विचारलं.

शालिकरामनं काच हातात घेतली, फिरवली, पुन्हा फिरवली. त्याला सांगता येईना. माणिकबाई आतून आली, तिनं ती त्याच्या हातातून घेतली, सरळ धरली आणि वरच्या उजव्या कोपऱ्यापाशी बोट टेकवलं.

"अथी तिच्या केसात शेवंती होती," ती म्हणाली. "हे वर."

मी त्या बाजूला कडी ठोकली.